नकाशातला पाहुणा

दूध उतू गेलं तेव्हा मी शेगडीसमोरच उभी होते. गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि तशीच थबकले, कारण दुसऱ्या हातातल्या फोनवर लिहून आलं होतं की शहराच्या जुन्या भागात, मालगोदामाच्या मागच्या गल्लीत, ‘आत्याची बाग’ नावाची एक लहानशी बाग आहे. बसायला बाकं आहेत, सावली दाट आहे, वर्दळ नसते, वयस्कांना सोयीची आहे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. मी विचारलं होतं ते इतकंच, की म्हाताऱ्या माणसाला घेऊन निवांत बसता येईल अशी जागा जवळपास कुठे आहे. हल्ली काहीही शोधलं की सगळ्यात वर एक फिकट चौकट येते आणि तिच्यात यंत्राने स्वतः जुळवलेलं उत्तर असतं, खालची पानं उघडून बघायची तसदी आपल्याला पडू नये म्हणून. या चौकटीत तीन नावं होती. पहिल्या दोन बागा मला ठाऊक होत्या. तिसरी त्याहून जास्त ठाऊक होती. ती बाग कुठेही नाही, कधी नव्हती, आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण ती मीच काढली आहे. काढली म्हणजे कागदावर, शाईच्या बारीक पेनाने, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर वाकून, ज्या वयात माझी मान दुखत नसे त्या वयात.

मी नकाशे काढत असे. खिशात मावणारे, घडीचे, शहराचे नकाशे छापणारी एक छोटी कंपनी होती. आम्ही काढणारे सगळे वरच्या मजल्यावर बसत असू, आणि आमच्यावर एक गृहस्थ होते ज्यांना सगळे कंपास म्हणत, कारण ते एका जागी घट्ट बसत आणि नजर मात्र गोल फिरवून प्रत्येकाच्या टेबलावरून नेत. या धंद्यात चोऱ्या फार. वर्षभर आम्ही गल्ल्या तुडवायच्या, कुठली वाट पुढे बंद आहे, कुठे नवा पूल झालाय ते डोळ्यांनी बघून यायचं, आणि कुणीतरी उपटसुंभाने आमचा नकाशा समोर ठेवून आठवडाभरात स्वतःचा म्हणून छापायचा. त्यामुळे प्रत्येक नकाशात एक खोटी गोष्ट घालायची पद्धत होती. आमच्याकडे तिला पाहुणा म्हणत. ‘पाहुणा बसवला का?’ असं कंपास विचारत, चहा झाला का विचारावं तितक्या सहज. पाहुणा निरुपद्रवी हवा. एखाद्या गल्लीला नसलेलं वळण, एक विहीर, चार पायऱ्या. त्याच्यामुळे कुणी रस्ता चुकता कामा नये. आणि तो कुठे बसवलाय हे काढणारा आणि कंपास या दोघांपलीकडे कुणाला कळता कामा नये, अगदी घरातल्या माणसालाही. मग दुसऱ्याच्या नकाशात आपला पाहुणा दिसला की चोर सापडला. मी नवी होते, म्हणून मला गोदामामागची बिनखिडक्यांची, आंधळी भिंत मिळाली. तिथे मी नखाएवढा हिरवा ठिपका दिला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, आत्याची बाग. आई गेली तेव्हा मी नुकती बोलायला लागले होते. तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलं. आम्ही दोन खोल्यांत राहत असू. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत. त्या खिडकीत आत्या डबे मांडून त्यांत काहीबाही लावी आणि ते सगळं उन्हावाचून लांबलचक, पांढुरकं वाढे. तिला एक बाग द्यावी असं मला फार वाटे, आणि द्यायला माझ्याजवळ तेव्हा फक्त शाई होती. कंपासनी भिंगातून ठिपका पाहिला, एक भुवई वर केली आणि ‘राहू दे’ म्हणाले.

तर इतक्या वर्षांनी माझा पाहुणा चोराच्या घरी सापडला होता, आणि पहिल्यांदा मला हसूच फुटलं. नुसतं हसू नाही, जुनी खुमखुमी आली. कंपनी कधीच बंद पडली, कंपास गेले, सापळा लावणारे सगळे उठून गेले तरी सापळा आपला इमानेइतबारे उघडा बसून होता, आणि त्यात भलंमोठं सावज येऊन अडकलं होतं. तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न वेगळा. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि त्या चौकटीची उलटतपासणी सुरू केली. ही बाग कोणी बांधली? एका दानशूर कुटुंबाने आपल्या आत्याच्या स्मरणार्थ. ‘स्मरणार्थ’ वाचून मी दचकलेच, कारण आत्या पलीकडच्या खोलीत त्याच क्षणी शिंकली होती. बागेत कारंजं आहे का? होय, मध्यभागी एक लहानसं कारंजं आहे. मी जरा थांबून वेगळ्या तऱ्हेने विचारलं, बागेत कारंजं नाही ना? बरोबर, बागेत कारंजं नाही, त्यामुळे शांतता टिकून आहे. आपण मान जिकडे वळवू तिकडे मान वळवणारी माणसं मी पाहिली आहेत, एक तर आमच्याच नात्यात आहे, पण ती निदान ओशाळतात. उत्तराखाली बारीक दुवे होते, तेही मी उघडले. शहरातल्या निवांत जागांची यादी देणारं एक पान, ते दुसऱ्या पानावरून उचललेलं, दुसरं तिसऱ्यावरून, आणि तिसऱ्यावर एका जुन्या नकाशाचा धुरकट फोटो. आमचा नव्हे, आमच्यावरून मारलेला. म्हणजे ठिपक्याचा माग लागला. दाट सावलीही त्या पहिल्या पानावरच्या हौशी माणसाची निघाली. पण बाकं कुणाचीच नव्हती. बाकं कुणीही कुठेही लिहिलेली नव्हती. बाग म्हटली की बाकं असणारच, अशा हिशेबाने ती चौकटीनेच टाकली होती, आणि मला नवल याचं वाटलं की ती मी काढायला विसरले होते.

मग केव्हातरी हातातलं फडकं गार पडल्याचं जाणवलं आणि मनात पाल चुकचुकली. अशीच एक चौकट मी आठ-दहा दिवसांपूर्वी वाचली होती. आत्याला खोकला होता. कोरडा, ठसक्याचा, महिना-दीड महिना पिच्छा न सोडणारा. बोलायला तोंड उघडलं की खोकला, हसली की खोकला, आणि जिचा जन्म बोलण्यात गेला तिला गप्प बसायची पाळी आलेली. कफाची औषधं झाली, वाफारे झाले. मग एके दुपारी मी तिच्या सकाळच्या गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन बसले आणि एकेका गोळीचं नाव टाकून विचारत गेले की हिच्याने खोकला येतो का. तिसऱ्या गोळीला चौकट म्हणाली, होय. या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो, गोळी बंद केल्यावर तो सहसा थांबतो. ही गोळी रक्तदाबासाठी वापरतात, असंही लिहिलं होतं. शेवटी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा अशी एक ओळ होती, जी मी बाटलीवरच्या ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’सारखी वाचली. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. मोजला, ठीक होता. मी ती गोळी डबीतून काढून टाकली. आणि खोकला गेला! चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतरत गेला आणि गेला. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. शेजारणीला सांगितलं, परगावी असलेल्या माझ्या भावाला, दादाला फोन करून सांगितलं, डॉक्टरांना महिनोन्‌महिने कळलं नाही ते मी एका दुपारी शोधून काढलं, असं थोडं मीठमसाला लावूनच सांगितलं. खोकला गेला म्हणून तर तिला बाहेर न्यायचं होतं, आणि बाहेर न्यायचं होतं म्हणून जागा शोधत होते. आता मी दोन्ही चौकटी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. अक्षर तेच, रंग तोच, तीन ठिपके देऊन तीन ओळी तशाच. खऱ्या दोन बागा आणि माझा पाहुणा एका सुरात सांगितले होते. त्या यादीतलं खोटं मला दिसलं, कारण ते माझ्या हातचं होतं. गोळीच्या उत्तरात माझ्या हातचं काहीच नव्हतं. तिथे पाहुणा बसला असला तर तो मला कशावरून ओळखू येणार होता?

“काय गं, सापडली का जागा?” आत्याने आतून विचारलं. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, केस विंचरून, बाहेर जायच्या तयारीत. तिच्या मांडीवर तिचा स्वतःचा फोन. हा दादाने पाठवलेला. आधी तिने त्याला हात लावला नाही, आणि एकदा बोलून प्रश्न विचारता येतात हे कळल्यावर तो खाली ठेवला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, तुम्हा लोकांना दोनदा विचारलं की वैताग येतो, हा बिचारा वीसदा विचारलं तरी तोंड वाकडं करत नाही.

“सापडली,” मी म्हणाले, “पण ती नाहीये.”

“नाहीये म्हणजे? बंद असते?”

मी तिला वाचून दाखवलं. नाव ऐकल्यावर तिने चष्मा वर सरकवला. “आत्याची बाग? मग दुसरीकडे कशाला जायचं! चल.”

“आत्या, ती खरी नाही. मी कंपनीत असताना नकाशात घातली होती. खोटी. चोर पकडायला.”

“माझ्या नावाने?”

“तुझ्याच.”

तिने चष्मा परत खाली ओढला. मला वाटलं रागावली. ती म्हणाली, “आणि मला आज सांगतेस? इतकी वर्षं माझी बाग होती आणि मी त्या टिनाच्या डब्यांवर पाणी घालत बसले.”

“सांगायचं नसतं ते. पद्धतच होती.”

“पद्धत म्हणे. केवढी होती?”

मी करंगळीचं नख दाखवलं. तेव्हा ती अशी हसली की मी श्वास रोखून ठसक्याची वाट बघत राहिले. ठसका आला नाही. मग तिने माझा फोन मागून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन ते उत्तर पुन्हा स्वतः वाचलं, मोठ्याने, सावकाश, आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलला. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. आत्या टेलिफोन खात्यात चौकशीवर होती. लांब टेबल, ओळीने बसलेल्या बायका, कानाला हेडफोन, आणि सगळं शहर त्यांना विचारणार. कुणाचा नंबर, किती वाजले, अमुक गाडी गेली का. सुट्टीच्या दिवशी घरी कुणी नसेल तर ती मला तिथे नेई आणि मी तिच्या स्टुलाशेजारी बसून तिचं दुसरंच कुणी होणं बघत राही. घरात भांडी आपटणारी, हसताना गुडघ्यावर थाप मारणारी आत्या तिथे गेली की एका सुरात बोलू लागे. गोड, सपाट, ना वर ना खाली. मला त्या आवाजाची भीती वाटे. घरी आल्यावर मी तिला मुद्दाम काहीतरी खोडी काढून ओरडायला लावत असे, म्हणजे ती परत आल्याची खात्री होई.

“हा आमचाच आवाज आहे,” आत्या म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते लक्षात येत नव्हतं. सुपरवायझरबाई पाठीमागून फिरायची. ‘बहुतेक’ म्हणायचं नाही, ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही. अडखळलीस की खांद्यावर पेन्सिल टोचायची. लोक घाबरलेले असतात, म्हणायची, त्यांना ठाम आवाज लागतो.”

“आणि माहीत नसलं तर?”

“बघायचं पुस्तकात. पण समोर दिवे लुकलुकतायत, पुढचा थांबलाय. कधी बघायचो, कधी...” ती हसली. “एक बाई रोज विचारायची, समुद्रावर वारं आहे का. नवरा बोटीवर होता तिचा. मी खिडकीतून झाडं बघायची आणि सांगायची, वारं पडलंय. ती म्हणायची, बरं झालं बाई विचारलं.”

“आणि पडलेलं असायचं?”

“मला काय माहीत. आमच्या खिडकीतून कुठे समुद्र दिसत होता!”

हे ती इतक्या निरागसपणे म्हणाली की मला तिचा राग यावा की आपला, ते ठरेना. बघून सांगितलेलं आणि न बघता सांगितलेलं, दोन्ही त्याच आवाजात जायचं. ऐकणाऱ्याला फरक कळू नये हेच तर त्यांना शिकवलेलं होतं, आणि तेही वाईट हेतूने नव्हे, धीर वाटावा म्हणून. मी तिच्याकडे बघत राहिले. चेहरा जरा भरलेला दिसत होता. तब्येत सुधारली की चेहरा भरतोच, असं मी मनाशी म्हटलं आणि म्हटल्याबरोबर ते कुठून आलं याचं कुतूहल वाटलं. हे मला कोणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

“आत्या, ती गोळी परत सुरू करायची का? किंवा डॉक्टरांना एकदा विचारू या.”

“कशाला? खोकला गेला की नाही?”

“गेला.”

“मग खरंच सांगितलं ना त्याने. एक बाग चुकला बिचारा, म्हणून काय सगळंच चुकणार? मी वारं चुकत असेन, पण नंबर कधी चुकले नाही.”

जे सहज पडताळता आलं ते खरं निघालं होतं. खोकला गेला होता, त्याला माझेच कान साक्षीला होते. मी फडकं पिळून वाळत घातलं, दुकानातून काही आणते असं सांगून बाहेर पडले, आणि पाय आपोआप जुन्या भागाकडे वळले. मला ती जागा बघायची होती. नसलेली जागा बघायला जाणं हा शुद्ध मूर्खपणा होता हे मला कळत होतं, पण उत्सुकता म्हणजे काय, तीही थोडी मूर्खच असते. रस्ते मला पाठ होते. वळणं मी पायांनी मोजली होती आणि हातांनी काढली होती, आणि चालताना पुष्कळदा असं होई की आधी कागदावरची रेघ आठवे आणि मग समोरची भिंत तिच्याशी जुळते का ते मी बघे. शिंप्याचं दुकान होतं तिथे आता चष्म्यांचं झालं होतं. अरुंद बोळ रुंद झाला होता. चूक दुरुस्त करायची सवय इतकी मुरलेली, की मनातल्या मनात मी खोडत, लिहीत चालले होते. गोदाम मात्र जागच्या जागी होतं. मागच्या बाजूला तीच आंधळी भिंत, नव्याने रंगवलेली, माल उतरवायचा सिमेंटचा ओटा, रिकामे खोके, आणि एक हातगाडी उलटी करून ठेवलेली. माझ्या ठिपक्याच्या बरोबर मध्यावर एक मोटार उभी होती आणि तिच्याशेजारी एक मध्यमवयीन गृहस्थ हातातला फोन कधी उभा, कधी आडवा धरून स्वतःभोवती फिरत होते.

“अहो, इथे बाग कुठे आहे?” त्यांनी मला विचारलं.

“इथे बाग नाही.”

“आत्याची बाग. इथेच दाखवतंय.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. तीच चौकट. त्यांच्यासाठी तिने एक फाटकही घातलं होतं.

“नाही हो. कधीच नव्हती. मला माहितीये, कारण ती...” पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. भर दुपारी एका अनोळखी माणसाला हे कसं सांगायचं? मी काढली म्हटलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि त्यांचं काही चुकलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते क्षणार्धात ठरवलं. “पलीकडून फाटक असेल,” ते सौजन्याने म्हणाले. मोटारीतून त्यांचे वडील उतरत होते. खूप म्हातारे, अंगात धुवट, कडक इस्त्रीचा सदरा, म्हणजे तेही कुणीतरी बाहेर न्यायचं ठरवल्यावर तयार होऊन बसलेले. मुलगा फाटक शोधायला गेला. वडिलांनी आजूबाजूला नजर टाकली, सिमेंटच्या ओट्यावर हाताने धूळ झटकली आणि बसले. मला म्हणाले, “हीच असेल. ठीक आहे. मुलाने एवढं शोधून काढलंय.” ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांना सावलीत बसा म्हणायला तिथे सावली नव्हती.

कुणी रस्ता चुकता कामा नये, असा नियम होता. मी त्या भिंतीशी उभी होते आणि मला वाईट वाटत होतं, पण त्याहून मोठी एक गोष्ट डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होती. तो मुलगा आळशी नव्हता. बेफिकीर तर मुळीच नव्हता. वडिलांसाठी त्याने शोधलं, विचारलं, त्यांना कपडे घालून आणलं. मी जे आत्यासाठी केलं तेच, तितक्याच मायेने. आणि वडील ओट्यावर बसून त्याला खोटं पडू देत नव्हते. मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने काय होतंय असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, काही होत नाहीये, पण एक गोळी आम्ही आपल्या मनाने बंद केली आहे. आम्ही म्हणजे मी. ती म्हणाली, संध्याकाळी घेऊन या.

आत्या रिक्षात पूर्ण वेळ कुरकुरत होती. बागेत न्यायचं कबूल करून दवाखान्यात नेतेस, याला काय म्हणायचं, वगैरे. डॉक्टरीणबाईंसमोर मात्र ती एकदम शहाण्यासारखी बसली. बाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, बराच वेळ ऐकलं. मग खाली वाकून आत्याच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खळगा पडला होता, तो लगेच भरून आला नाही. मी त्या खळग्याकडे बघत राहिले. ही सूज कधीची, मला सांगता आलं नसतं.

“गोळी कशासाठी दिली होती, माहितीये?” बाईंनी मला विचारलं.

“रक्तदाबासाठी.”

“पुष्कळांना त्यासाठीच देतो. यांना हृदयासाठी दिली होती. यांचं हृदय जरा दमलेलं आहे, त्याला या गोळीचा टेकू होता. खोकला गोळीनेच येत होता, ते तुम्ही बरोबर ओळखलंत. पण मग तिच्याऐवजी दुसरी द्यावी लागते. खोकला न आणणारी आहे, आज देते. नुसती काढून नाही टाकायची. कुठे वाचलंत?”

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रोज कुणीतरी सांगत असणार. म्हणजे चौकटीत पाहुणा नव्हताच. एकही शब्द खोटा नव्हता. उत्तर खरं होतं, फक्त ते आत्याचं नव्हतं. ‘काही जणांचं’ होतं, आणि ती गोळी आत्याला का दिली हे यंत्राला ठाऊक नव्हतं आणि ते त्याने मला विचारलंही नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. मला या गोष्टीचं विलक्षण नवल वाटत होतं. बाई लिहू लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, “झोपताना दम लागतो का? रात्री उठून बसावं लागतं?”

प्रश्न आत्याला होता. पण आत्या बाहीची बटणं लावण्यात गुंतली होती, आणि उत्तर मी दिलं. “नाही,” मी म्हणाले. बाईंनी ते लिहिलं.

माझं ‘नाही’ मला ऐकू आलं. गोड होतं, ठाम होतं, त्यात कुठे अडखळ नव्हती. ते कुठून आलं? आत्या भिंतीपलीकडच्या खोलीत झोपते आणि तिचं दार लोटलेलं असतं. हे सगळे दिवस रात्री एकदाही मी ते उघडून पाहिलं नव्हतं. खोकल्याचा आवाज येत नव्हता, म्हणून ती झोपत असणार. झोपत असणार, म्हणून दम लागत नसणार. एवढ्या सामानावर मी उत्तर उभं केलं होतं, आणि विचारणाऱ्या बाईला ते पुरलं होतं. इतकी शरम मला कुठल्या चोरीची वाटली नसती.

“थांबा,” मी म्हणाले. “ते खोडा. मला माहीत नाही.”

बाईंनी मान वर केली. मी खुर्ची आत्याकडे वळवली. “आत्या, रात्री दम लागतो का गं तुला?”

आत्याने बटण सोडून दिलं. आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लागतो,” ती म्हणाली. “आडवं झालं की लागतो. मग उशा पाठीला घेऊन बसून राहते उजाडेपर्यंत.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू केवढी खूश होतीस,” आत्या म्हणाली, “खोकला घालवलास म्हणून.”

बाईंनी लिहिलेलं खोडलं आणि त्या थांबल्या. मी आत्याचा हात हातात घेतला. बोटांवरही सूज होती. ती मला आता दिसली.

“आणि जिना चढताना?” मी विचारलं.

आत्या लगेच बोलली नाही. खरंच कसं होतं ते आठवून बघायला लागली.